त्याच्या वाढदिवसाचं पुस्तक

माझा भाऊ पाच वर्षांचा आहे आणि मी पन्नाशीला टेकले आहे. मी जन्मायच्या आधीच तो तापाने गेला, त्यामुळे आमची भेट कधी झालीच नाही. पण आमच्या घरात त्याचं वय कधी वाढलं नाही आणि त्याचा हक्कही कधी कमी झाला नाही. आई त्याच्याबद्दल बोलते ती वर्तमानकाळात. त्याला भेंडी आवडत नाही. त्याला दार पूर्ण लोटलेलं चालत नाही. मला काय आवडतं ते मात्र तिला आठवावं लागतं, असं मी चिडले की म्हणते, आणि मी पुष्कळदा चिडते.

बाबा मूळचे सांगलीचे. बंगळुरूला एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि इथलेच होऊन गेले. भाऊ गेला तो कारखान्याच्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये. तापात त्याने प्राण्यांचं रंगीत पुस्तक मागितलं होतं. बाबा बाजारात जाऊन ते घेऊन आले तोवर त्याची शुद्ध हरपली होती. पुस्तक त्याने उघडलंच नाही. हे सगळं आईने मला कधी सलग सांगितलेलं नाही. तांदूळ निवडताना, कपडे वाळत घालताना तिच्या तोंडून एकेक तुकडा निसटायचा आणि मी तो उचलून ठेवायचे.

गेलेल्या मुलाच्या नावाने त्याच्याच वयाच्या मुलाला जेवू घालायचं, असं आई तिच्या माहेरी बघत आली होती. तिने त्यात पुस्तकाची भर घातली. दर वर्षी जूनच्या अखेरीस, त्याच्या वाढदिवसाला, ती प्राण्यांचं एक नवं रंगीत पुस्तक आणते, ओळखीपाळखीत पाच वर्षांचं मूल शोधते, त्याला शिरा-पुरी खाऊ घालते आणि पुस्तक हातात देते. ती मुलं मोठी झाली, काहींची लग्नं झाली, काही अमेरिकेत गेली. पाचावर थांबलेला तो एकटाच.

पुस्तक आठवडाभर आधी घरी यायचं आणि त्याच्या फोटोखाली टेबलावर राहायचं. हात धुऊन, तिथेच बसून मी ते बघितलं तर चालायचं. दुसऱ्या खोलीत नेलेलं चालायचं नाही. मी ते अधाशासारखं बघायचे. वाघाचे पट्टे पोटाशी कुठे तुटतात, मगरीचं हिरवं पाण्याच्या हिरव्यापासून वेगळं कसं केलंय, हे सगळं त्या आठवड्यात पाठ करून टाकायचे. मग पुस्तक कुणाच्या तरी घरी निघून जायचं, आणि मी बाबांच्या ऑफिसातले एका बाजूने कोरे कागद घेऊन सगळे प्राणी पहिल्यापासून काढायला बसायचे. चित्रकलेच्या कॉलेजात पुढे सगळे आपापल्या पहिल्या गुरूंबद्दल बोलायचे तेव्हा मी गप्प बसत असे. काय सांगणार? गेलेल्या भावाची पुस्तकं चोरून चोरून शिकले, असं कुणी सांगतं का?

मी पाचची झाले त्या वर्षी मात्र मला पक्की खात्री होती. घरातच पाच वर्षांचं मूल असताना आई बाहेर कशाला शोधेल? त्या पुस्तकात एक लाल चोचीचा करकोचा होता, तो तर मी मनातल्या मनात माझा करूनही टाकला होता. वाढदिवसाच्या सकाळी समोरच्या क्वार्टरमधला मुलगा आला, माझ्या शेजारी बसून शिरा खाल्ला आणि करकोचा काखेत मारून गेला. मी आईला विचारलं, मला का नाही? ती म्हणाली, "तुला नाही द्यायचं." एवढंच. तिचा आवाज इतका तुटक होता की मी पुन्हा कधी विचारलं नाही.

त्याचं कारण मला फार उशिरा कळलं, तेही आईकडून नाही. आम्ही कॉलनी सोडून बनशंकरीला राहायला आलो तेव्हा शेजारी एक कुटुंब भेटलं, पिढ्यान् पिढ्या बंगळुरात राहिलेलं मराठी कुटुंब. त्या घरातल्या बाईंना आम्ही सगळे अक्काच म्हणतो. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की कुठे काय संपतं ते त्यांनाही सांगता येणार नाही. एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या, "गेलेल्याच्या नावाचं घरच्या लेकराला देत नाहीत गं. त्याची नजर वळते म्हणतात. तुझी आई भीत होती, तेवढंच." मला पटलं. पण पटलं ते मोठ्या बाईला. करकोच्याकडे बघत बसलेल्या मुलीला ते कुणीच सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि मी सर्जापूर रोडचा माझा फ्लॅट भाड्याने देऊन आईकडे आले. एकटीच असल्यामुळे हलवायला फारसं काही नव्हतं. रंग, ब्रश, कागद, स्कॅनर आणि माझी खुर्ची. खुर्ची ठेवायचा प्रश्नच नव्हता. बनशंकरीच्या घरात चांगला उजेड फक्त जेवणाच्या टेबलावर येतो. त्या टेबलापाशी माझी जागा लहानपणापासून ठरलेली, भिंतीला पाठ करून. आईची जागा समोर. आणि माझ्या उजव्या खांद्याच्या जरा वर, भिंतीवर, त्याचा फोटो. कॉलनीजवळच्या स्टुडिओत काढलेला, डोळे मोठे, कुणीतरी अचानक हाक मारल्यासारखे. आई माझ्याशी बोलता बोलता नजर थोडीशी वर नेऊन त्याच्यापाशी जायची. जेवताना, माझा निकाल ऐकताना, माझं लग्न मोडल्याचं मी सांगितलं तेव्हासुद्धा. वाक्य माझ्याशी सुरू व्हायचं आणि त्याच्यापाशी संपायचं. मला त्याची सवय होती असं मी समजत होते.

मी आले त्याच हिवाळ्यात कोरमंगलातल्या एका छोट्या प्रकाशनाने मला विचारलं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी, जाड पुठ्ठ्याचं, भरपूर रंगांचं, आपल्या आसपासच्या प्राण्यांचं पुस्तक. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या गोष्टींना चित्रं काढत आले होते. धड्यांची, जाहिरातींची, एकदा तर दातांच्या दवाखान्याच्या भिंतीची. प्राण्यांचं पुस्तक मी कायम टाळलं होतं. या वेळी हो म्हणून बसले. मनातली गोष्ट सरळ सांगते. हे पुस्तक आईने बघावं, माझं म्हणून बघावं आणि त्यावर माझ्याशी एक वाक्य बोलावं, एवढंच मला हवं होतं. मग ते खपो, न खपो.

काम सुरू झालं. पहिल्यांदा कच्च्या पेन्सिलने छोटी छोटी पानं, मग घड्या घालून कागदाची डमी, मग रंग. मी प्राण्यांचे डोळे अगदी शेवटी रंगवते. डोळे आधी भरले की चित्र आपल्याकडे बघायला लागतं आणि मग हात मोकळा चालत नाही. त्यामुळे टेबलावर बरेच दिवस आंधळे प्राणी पडलेले असत. आंधळा मोर, आंधळी खार, आंधळा हत्ती. समोर आई बसून शेंगा सोलत असे. अवरेकाईचा, म्हणजे पावट्याचा हंगाम होता आणि त्या दिवसांत इथे प्रत्येक घरात ढिगाने शेंगा सोलल्या जातात.

"हत्तीला तो पाच पाय काढतो," आई म्हणाली. नजर माझ्या खांद्यावरून मागे. "सोंड धरून मोजतो तो."

"मी चार काढलेत," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली, आणि तिकडेच बघत राहिली.

मी आल्यापासून हे वाढलं होतं. पूर्वी वाक्याच्या शेवटी वर जाणारी तिची नजर आता पहिल्यापासूनच तिथे असायची. मी चहा हवा का विचारलं तरी उत्तर माझ्या खांद्यामागे. बाबा गेले, आता तिला तोच उरला, असा मी अर्थ लावला. मी समोर बसलेली असताना मला ओलांडून ती तासन् तास त्याच्याकडे बघायची आणि मी मान खाली घालून रंग भरायचे. पाठीवर नजर जाणवते म्हणतात ते खोटं नाही. मला एक मागून जाणवायची आणि एक समोरून माझ्यावरून जायची, आणि दोन्हींच्या मधोमध मी बसलेले असायचे. कधी कधी तर वाटायचं, तो खांद्यावरून वाकून पानं बघतोय, मी पुढचं पान कधी काढते याची वाट बघतोय. आई आत गेली की मी हळू आवाजात त्याला म्हणायचे, हे माझं आहे, याला हात लावू नकोस. पन्नाशीची बाई फोटोला दटावतेय, हे कुणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं कोण जाणे.

प्रकाशनाच्या संपादिकेला पुस्तकात एक तरी खास या भागातला प्राणी हवा होता. अक्कांनी सुचवला काडुपापा. मांजरीच्या पिल्लाएवढा, शेपूट नसलेला, काडीसारख्या हातापायांचा, झाडावर राहणारा प्राणी. तोंडभर फक्त डोळे. कन्नडमध्ये काडुपापा म्हणजे रानातलं बाळ. पूर्वी इथल्या मोठ्या झाडांवर सर्रास दिसायचा, अक्का सांगत होत्या. "आता कुठला! झाडंच स्वल्प उरलीत." मी त्याचे फोटो जमवले, अभ्यास केला, फांदीला बिलगलेला काढला. शेवटी डोळे भरले आणि मागे टेकून बघितलं, तर फांदीवर माझा भाऊ बसला होता. तेच मोठे, हाक मारल्यासारखे डोळे. मी मागे वळून फोटोकडे बघितलं. मग कागद टराटरा फाडला. आई समोर शेंगा सोलत होती. तिने पुढची शेंग उचलली.

दुसरा काढला. तो फाडण्याइतका तसा नव्हता, तोही फाडला. तिसऱ्याच्या तोंडावर मी एक मोठं पान आणलं आणि एकच डोळा दिसू दिला.

सगळी पानं घेऊन मी कोरमंगलाला गेले. संपादिका माझ्या मुलीच्या वयाची असावी, मला मुलगी असती तर. तिने पानं लांबच लांब टेबलावर ओळीने मांडली, हात मागे बांधून एक चक्कर मारली आणि म्हणाली, "मॅम, बहुत ब्यूटिफुल है. लेकिन ये सब उधर क्या देख रहे हैं?"

मी बघितलं. मोर, खार, हत्ती, गाय, घुबड, सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला होते, वर, पानाच्या कडेला, पानाबाहेर. वाचणाऱ्या मुलाकडे एकही प्राणी बघत नव्हता. जेवणाच्या टेबलावर समोर बसलेली बाई जिकडे बघत होती तिकडे मी एक एक करून सगळ्या रानाला बघायला लावलं होतं. तिला मी म्हटलं, उजेडाचा प्रश्न झाला असेल, बदलते.

घरी येऊन सगळे डोळे नव्याने भरले, सरळ समोर बघणारे. पोस्टर कलरवर पुन्हा रंग चढवला की तो थोडा गढूळ होतो, म्हणून काही पानं मुळापासून काढली. झाल्यावर अक्कांच्या नातीला बोलावलं. ती जूनमध्ये पाचची होणार होती, म्हणजे या वर्षीचं पुस्तक तिला जाणार हे आईने कधीच ठरवून टाकलं होतं. मुलीने पानं भराभर उलटली, मोरावर हसली, गायीचा आवाज काढून दाखवला आणि काडुपापापाशी थांबली. पानाआडच्या त्या एका डोळ्याकडे तिने थोडा वेळ बघितलं आणि पान उलटं घालून ठेवलं.

"काय झालं गं?"

"नोडताने," ती म्हणाली. बघतोय.

ती गेल्यावर मी काडुपापाला झोपवला. डोळे मिटलेला, शेपटीशिवाय गोल झालेला, फांदीच्या बेचक्यात. तो छापायला गेला. चांगलं चित्र आहे ते. सगळे म्हणतात.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली होती. तिच्याकडे मी तेव्हा फारसं लक्ष दिलं नाही. आई पेपर वाचेनाशी झाली. उसळीत एकदा अळी निघाली, मी तिच्यावर ओरडले की निवडताना बघतेस तरी का, आणि ती नुसतं "राहिली असेल" म्हणाली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं तेव्हा माझी पानं द्यायची घाई होती. अक्का म्हणाल्या, "सरी, असू दे, मी नेते ऑटोने. तू तुझं काम कर." दोघी परत आल्या, आई म्हणाली, "वयाचं आहे. थेंब दिलेत." अक्का काहीतरी बोलणार होत्या. आईने त्यांचा हात धरून त्यांना चहाला आत नेलं.

जूनमध्ये छापलेल्या प्रती आल्या. खोका टेबलावर ठेवला, टेप कापली, वरची प्रत काढली. नव्या छपाईचा तो वास, गोल कापलेले कोपरे, मुखपृष्ठावर मोर. मी ती आईच्या हातात दिली आणि माझ्या जागेवर जाऊन बसले. तिने मुखपृष्ठावरून तळवा फिरवला. पानं उलटली, एक, दोन, तीन, कुठल्याच पानाकडे खाली न बघता. मग पुस्तक मिटलं, मान वर केली आणि माझ्या खांद्यामागे बघत म्हणाली, "छान झालंय. परवा पोरीला हेच देऊ. त्याला आवडेल."

माझा तोल गेला. इतक्या वर्षांचं एकदम बाहेर आलं आणि त्यात काही शहाणपण नव्हतं. मी म्हटलं, त्याला आवडेल, त्याला आवडेल! हे मी काढलंय. तो नाहीये आई, तो माझ्या आधीच गेला, आणि मी इथे आहे, समोर, या खुर्चीत, आयुष्यभर. या पुस्तकाकडे तू बघितलंही नाहीस. हे मी कुणाला देणार नाही, पोरीला दुसरं आण. आणि एकदा, फक्त एकदा, त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून बोल.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"तुझ्याकडे बघितलं की तू जातेस," ती म्हणाली.

"म्हणजे?" मी विचारलं.

"मधोमध जातं गं सगळं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा मागचा पडदा मध्ये झिजलाय. जिथे बघावं तिथेच काळा डाग. कडेचं तेवढं दिसतं." तिने पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "सरळ तुझ्याकडे बघितलं तर नुसते खांदे दिसतात, वर तोंड नसतं. त्याच्याकडे बघितलं की तू दिसतेस."

"आणि तो?"

"तो नाही दिसत." तिची नजर फोटोवर होती, जराही हलली नाही. "बरेच महिने झाले. मी बघते तिथे, आणि तिथे काळं असतं. कान दिसतात कधी कधी. तोंड आता आठवूनच बघावं लागतं, आणि आठवतं ते खरं का, ते ताडून बघायला काही नाही."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, बरं झालं."

ऐकताक्षणी माझ्या मनात, कुठेतरी खोल, तो शब्द येऊन गेलाच होता. आईला ते न बघता कळलं होतं. मागे वळून फोटोकडे बघायची मला भीती वाटली. तो तिथे असेल म्हणून नव्हे. तो आता फक्त मलाच दिसतो, आणि त्याचं तोंड लक्षात ठेवणारी या घरात मी एकटी उरले, म्हणून.

मग मी आईला विचारलं की मग पुस्तक तिने बघितलं कसं, छान झालं असं कशावरून म्हणाली.

"रोज बघत नव्हते का? तू खाली मान घालून काढायचीस, मी वर बघत बसायचे. सगळं दिसायचं. मोराचं निळं आधी फार काळं केलं होतंस, मग उजळ केलंस." तिने पुस्तकावर बोट टेकवलं. "ते डोळेवालं पिल्लू फाडलंस ते मात्र वाईट केलंस. पहिलं. चांगलं झालं होतं."

"ते त्याच्यासारखं झालं होतं," मी म्हटलं.

"त्याच्यासारखं? छे." आईला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "तुझ्यासारखं झालं होतं. वाढदिवसाचं पुस्तक आणलं की तू याच टेबलाशी अशीच बसायचीस, हात पोटाशी घेऊन, एवढाले डोळे करून. आठवडाभर. मला स्वयंपाकघरातून दिसायचीस. आणि मला वाटायचं, द्यावं हिला, काय होतंय. पण धीर व्हायचा नाही. एक गेलेलं होतं."

मी रडले. वयाला शोभणारं नव्हतं ते, पण रडले. ती उठून जवळ आली नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. तिने पुस्तक पुढे सरकवलं, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली की पोरीला एक देऊ, एक माझ्याजवळ राहू दे, तू मला सांगत जा कुठल्या पानावर काय आहे ते. मी हो म्हटलं. आत कुकर पुन्हा ओरडला, मी उठायला लागले.

"थांब," आई म्हणाली. "बस जरा. हलू नकोस."

मी बसले. माझ्या उजव्या खांद्याच्या जरा वर, भिंतीवर, जिथे तिच्यासाठी आता नुसता काळा डाग होता, तिथे तिने नजर नेली आणि स्थिर धरली. कितीतरी वेळ ती तशीच बघत होती. मी समोर बसले होते.

"केस केवढे पांढरे झालेत गं तुझे," ती म्हणाली. "कधी झाले?"

"झाले की, आई," मी म्हटलं. "बरीच वर्षं झाली."